डबल बेल

२०२३ च्या उन्हाळ्यात रिचमंडच्या आमच्या घरी फ्रिजवर एक यादी लागली. कंपनीने मला व्हर्जिनियातून उचलून इंग्लंडात डर्बीला पाठवायचं ठरवलं होतं, आणि सौ. ने तिच्या नेहमीच्या शिस्तीने कागदावर तीन रकाने पाडले होते: न्यायचं, विकायचं, देऊन टाकायचं. पहिल्या रकान्यात देव, पुरणयंत्र, पोळपाट, कन्येचे घुंगरू. दुसऱ्यात सोफा, जेवणाचं टेबल, गवत कापायचं यंत्र आणि सगळ्यात खाली, जरा बारीक अक्षरात, "लाल गाडी".

रात्री सगळे झोपल्यावर मी पेन घेतलं, लाल गाडी खोडली आणि पहिल्या रकान्यात देवांच्या खाली लिहिली. सकाळी ती पुन्हा दुसऱ्या रकान्यात. हा प्रकार आठवडाभर चालला. तोंडाने कोणी काही बोलत नव्हतं. कागदाला मात्र भोकं पडायची वेळ आली.

तर मंडळी, आधी गाडीची ओळख करून देतो. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे फेरारी वगैरे उभी राहिली असेल तर तिला आधी घालवा. आमची गाडी म्हणजे १९९६ सालची माझदा मियाटा. दोन सीटा, कापडी टप, १.८ लिटरचं इंजिन, हाताने टाकायचे पाच गिअर, वजन जेमतेम एक टन. डिकीत दोन मध्यम बॅगा बसल्या तर नवस फेडावा. दिवे लावले की ते बेडकाच्या डोळ्यांसारखे बॉनेटमधून वर येतात. ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली. गंमत अशी की मूळ कल्पना इंग्रजांची. लोटस एलान, एमजी, ट्रायम्फ अशा हलक्या, उघड्या, दोन माणसांच्या गाड्या त्यांनी साठच्या दशकात जगाला दिल्या. चालवायला सुरेख, आणि रस्त्याकडेला बंद पडायला त्याहून तत्पर! जपान्यांनी तीच गाडी पुन्हा केली, फक्त तेल न गळणारी. मियाटा हा शब्द जुन्या जर्मन भाषेतला, अर्थ बक्षीस. उत्तर अमेरिकेबाहेर तिला हे नाव नाही, इकडे ती नुसती एमएक्स-५. २०१६ च्या एप्रिलमध्ये या जातीची दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

म्हणजे ही काही दुर्मिळ चीज नव्हे. सौ. चा मुद्दा नेमका हाच होता. "इंग्लंडमध्ये हीच गाडी, तिकडच्या स्टिअरिंगची, नेण्याच्या खर्चात विकत मिळेल. शिवाय आपण माणसं तीन आणि हिला सीटा दोन."

"ती दुसरी गाडी असेल," मी म्हणालो.

"अर्थात दुसरी असेल. म्हणून तर स्वस्त पडेल."

इंजिनिअर माणसाकडे या हिशेबाला उत्तर नव्हतं. ब्लॅक्सबर्गला एम. एस. केलं तेव्हा माझ्याकडे एक सेकंडहँड सायकल होती आणि साताऱ्याच्या बँकेचं कर्ज होतं. नोकरी लागल्यावर त्या कर्जाचा शेवटचा हप्ता मी २००७ साली भरला आणि पुढच्याच शनिवारी एका निवृत्त शाळामास्तरांकडून ही गाडी ४,२०० डॉलरला घेतली. तेव्हा मला मियाटाचा अर्थ ठाऊक नव्हता, नाहीतर नाव सार्थ केलं असं म्हणालो असतो. पण खरं कारण हेही नव्हतं. खरं कारण सांगायला साताऱ्यापर्यंत जावं लागेल.

आमचे अण्णा एस.टी.त ड्रायव्हर. सातारा डेपो. तीस वर्षांच्या नोकरीतली निम्मी महाबळेश्वरच्या गाडीवर गेली, म्हणजे वाईच्या पुढचा पसरणी घाट रोजचा. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर टॉवेलाची घडी टाकून बसायचो. खालून ऊब यायची, डिझेलचा वास यायचा, आणि मला वाटायचं की जगात याहून मोठं पद नाही. मागून घंटीची दोरी ओढली जायची. एकदा टण, म्हणजे थांब. दोनदा टण टण, म्हणजे चल. गाडी भरलेली असो, पुढे रस्ता मोकळा असो, डबल बेल आल्याशिवाय अण्णा चाक हलवायचे नाहीत. एकदा मी विचारलं, तुम्ही ड्रायव्हर ना, मग त्या कंडक्टरचं का ऐकता? म्हणाले, "मला फुडलं दिसतं, त्याला मागलं. दोघं मिळून एक ड्रायव्हर हुतो."

२०११ साली अण्णा आणि आई अमेरिकेला आले. दोन महिने राहिले. लाल गाडी बघून अण्णांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, चाकाला पायाने टोचून बघितलं आणि म्हणाले, "आरं, हिच्यात बसायचं का ही अंगात घालायची?" मग जरा मागे सरून, "रंग मातर आपला हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आरशाला लिंबू-मिरची. मिरच्या कुठून पैदा केल्या ते आजवर कळलेलं नाही. साताऱ्याहून आणलेला बोटभर उंचीचा पितळी गणपतीही त्यांनीच डॅशबोर्डवर बसवला, आणि असा डिंक लावला की तो गाडीबरोबरच जाईल.

एका रविवारी मी त्यांना शेनांडोह नॅशनल पार्कातल्या स्कायलाइन ड्राइव्हवर नेलं. डोंगराच्या माथ्यामाथ्यावरून जाणारा १०५ मैलांचा रस्ता, दोन्ही बाजूंना खोल दऱ्या आणि वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल. "येवढा गुळगुळीत रस्ता आन् येग आमच्या एस.टी.चा," अण्णांचा शेरा. टप खाली होता. ते उजव्या बाजूला बसले होते. आयुष्यभर गाडीत पुढे उजव्या बाजूला म्हणजे त्यांची स्वतःची जागा. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मी बघतोय हे लक्षात आलं की पाय मागे घ्यायचे, पुढच्या वळणाला पुन्हा तेच.

एका वळणावर दरी बघायला गाडी लावली. अण्णांनी दरी बघितली न बघितली, आणि म्हणाले, "जरा दे की मला. दोनच वळणं."

मी नाही म्हणालो. कारणं सगळी खरी होती. इन्शुरन्समध्ये त्यांचं नाव नव्हतं. आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला नव्हता. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं. पार्कचे रेंजर फिरत असतात. मी ही कारणं एकामागून एक, जणू मीटिंगमध्ये, मांडली. अण्णा लगेच म्हणाले, "बरोबर हाय. गाडी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची." पुन्हा विषय नाही. मलाच अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, नुसते बसा तरी, फोटो काढतो. ते डाव्या बाजूने आत शिरले, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, आणि सवयीने डावा हात गिअर शोधायला खाली गेला तो थेट दारावर आपटला. गिअर उजव्या हाताला होता. "समदंच उलटं हाय की!" म्हणून हसले. तोच फोटो निघाला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये अण्णा गेले. ते दिवस कसे होते ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी तेच झालं असेल. मी सगळं फोनवर बघितलं. प्रत्यक्ष साताऱ्याला पोचलो तो सप्टेंबरात.

असो. यादीचं सांगत होतो. आठव्या सकाळी लाल गाडी पहिल्या रकान्यात होती, सौ. च्या अक्षरात. शेजारी कंसात "खर्च तुझा". तिने त्यावर काही चर्चा केली नाही, मीही विचारलं नाही.

मग कागदपत्रं सुरू झाली. ब्रिटनमध्ये बाहेरची गाडी आणायची तर एरवी १० टक्के जकात आणि वर २० टक्के व्हॅट. पण बिऱ्हाडच हलवत असाल, बारा महिने तरी परदेशात राहिला असाल आणि गाडी सहा महिने तुमच्या नावावर, तुमच्या वापरात असेल, तर ही दोन्ही माफ. त्यासाठी आधी अर्ज करून क्रमांक मिळवायचा. अट एकच. गाडी आल्यापासून बारा महिने ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि कुणाला उसनी चालवायलाही द्यायची नाही. हे शेवटचं वाक्य मी वाजवीपेक्षा जास्त वेळा वाचलं. अमेरिकेच्या बाजूला वेगळी तऱ्हा. गाडीच्या मालकीचा अस्सल कागद जहाजावर चढवण्याच्या किमान ७२ तास आधी तिथल्या कस्टम्सच्या हाती हवा, चोरीच्या गाड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून. गाडी दहा वर्षांहून जुनी असल्यामुळे ब्रिटनची ती सविस्तर तांत्रिक मंजुरी मात्र लागली नाही. म्हातारपणाचा असाही फायदा.

गाडी कंटेनरमधून न पाठवता रो-रो जहाजाने पाठवायचं ठरवलं. कोकण रेल्वेवर ट्रक चढवतात तीच कल्पना, गाडी चालवत आत न्यायची आणि पलीकडे चालवत बाहेर काढायची. पेट्रोल पाव टाकीपेक्षा कमी आणि गाडीत एकही सुटी वस्तू नको. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी रिचमंडहून बाल्टिमोरला निघालो, डंडॉक नावाच्या धक्क्याकडे. बाल्टिमोरचं बंदर ओलांडायला पाण्याखालून दोन बोगदे आहेत, तो जवळचा रस्ता. पण शेवटची फेरी बोगद्यातून? मी टप खाली केला, कानटोपी घातली आणि लांबच्या वाटेने फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून गेलो. १९७७ साली खुला झालेला दीड मैलाहून लांब लोखंडी पूल. मधल्या कमानीवर आलं की खाली पाणी, क्रेन, आणि धक्क्यावर मुंग्यांसारख्या ओळीने लावलेल्या नव्या गाड्या दिसायच्या. थंडीने डोळ्यांतून पाणी येत होतं. थंडीनेच, असं धरून चाला.

धक्क्यावर पिवळ्या जाकिटातल्या माणसाने गाडी तपासली. गणपतीकडे बोट दाखवून म्हणाला, सुटी वस्तू चालणार नाही. मी म्हटलं, हलवून बघा. त्याने दोनदा हलवून बघितला, मग मान हलवली आणि कागदावर बरोबरची खूण केली. किल्ली दिली आणि बसची वाट बघत उभा राहिलो. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्या किल्लीशिवाय खिसा हलका लागत होता.

तो पूल आता नाही. २६ मार्च २०२४ च्या पहाटे 'डाली' नावाच्या मालवाहू जहाजाची वीज गेली, ते पुलाच्या खांबावर आदळलं आणि काही सेकंदांत सगळी कमान पाण्यात गेली. वाहतूक वेळेवर अडवल्यामुळे गाड्या वाचल्या, पण पुलावर रात्री खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर इथून पोटासाठी आलेली माणसं. डर्बीच्या स्वयंपाकघरात मी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा बघत होतो. सौ. ने शेवटी फोन हातातून काढून घेतला.

साउथहॅम्प्टनला गाडी डिसेंबरात उतरली. नोंदणी झाल्याशिवाय ती रस्त्यावर चालवायला बंदी, फक्त आधी ठरवलेल्या एमओटीसाठी न्यायला परवानगी. म्हणून ट्रेलरवर घालून सरळ डर्बीच्या एका गॅरेजात आणली. गॅरेजवाला साठीचा, बोलायला कंजूष. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, बॅटरी घेऊन खाली गेला आणि बराच वेळ बाहेरच येईना. मला वाटलं काहीतरी मोडलंय. मग त्याने आतल्या पोराला हाक मारली आणि दाराखालच्या पत्र्यावर प्रकाश टाकून म्हणाला, "हे नीट बघून घे. पुन्हा दिसायचं नाही." इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि या गाड्या दाराखालून, मागच्या चाकापाशी, बिस्किटासारख्या विरघळतात. आमची व्हर्जिनियात वाढलेली, तिचा पत्रा शाबूत. माझी छाती उगाचच फुगली. घरी येऊन सौ. ला म्हटलं, इथे मिळाली असती ती गंजकी मिळाली असती. "साडेतीन हजार पौंडांचा पत्रा," ती म्हणाली. एकूण खर्च तेवढा झाला होता.

एमओटीसाठी दोन कामं करावी लागली. अमेरिकन दिवे उजवीकडे झोत टाकतात, इथे तो डावीकडे हवा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नशिबाने दिवा सात इंची गोल, जुन्या मिनीला आणि लँड रोव्हरला बसतो तोच, त्यामुळे सहज मिळाला. दुसरं काम मागच्या धुक्याच्या दिव्याचं. १ एप्रिल १९८० नंतरच्या गाडीला मागे एक तांबडा प्रखर दिवा हवा, मधोमध किंवा उजवीकडे, आणि तो लागला की ड्रायव्हरला कळेल अशी खूण डॅशबोर्डवर हवी. आमच्या गाडीला तो नव्हताच. गॅरेजवाल्याने बंपरखाली एक बसवला आणि त्याचं बटण कुठे लावू म्हणून विचारलं. जागा एकच मोकळी होती, गणपतीच्या पायाशी. वेगदर्शक मात्र मैलांचाच असल्यामुळे वाचला. मग नोंदणीचा अर्ज, आठवडे वाट बघणं, डावं स्टिअरिंग म्हटल्यावर फोन ठेवून देणाऱ्या विमा कंपन्या, हे सगळं तुमच्यापैकी ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे आणि बाकीच्यांनी कधी करू नये. मार्चच्या शेवटी नंबर आला, १९९६ च्या उत्तरार्धाचा म्हणून 'पी' अक्षराने सुरू होणारा. सौ. ने दारात नारळ फोडला. शेजारची इंग्रज आजी पडद्याआडून बघत होती, तिलाही खोबऱ्याचा तुकडा दिला.

आणि पहिल्याच फेरीत माझी जिरली.

एकटाच निघालो होतो, नेहमीसारखा. ही गाडी मी कायम एकट्यानेच चालवत आलो. रविवारी सकाळी सगळे उठायच्या आत तास-दोन तास, कुणाशी बोलणं नाही, कुणाचं ऐकणं नाही. तर अॅशबोर्नच्या पुढे ए ५१५ वर एका ट्रॅक्टरच्या मागे सापडलो. आता बघा, तुम्ही इथे सगळे उजवीकडे बसून चालवता. पुढच्या गाडीच्या उजवीकडून जरा डोकावलं की समोरचा रस्ता दिसतो. मी बसलेला डावीकडे, कुंपणाच्या दगडांना खेटून. मला कुंपणाचा दगड न् दगड दिसतो, त्यावरचं शेवाळ दिसतं, पलीकडची मेंढी दिसते. समोरून काय येतंय ते मात्र दिसत नाही. ते बघायचं तर अर्धी गाडी पलीकडच्या लेनमध्ये काढावी लागते, आणि तोवर जे यायचं ते आलेलं असतं. सहा मैल मी त्या ट्रॅक्टरच्या मागे शेणाचा वास घेत ताशी वीस मैलांनी गेलो. मागे रांग लागली. माझ्या लाल स्पोर्ट्स कारला भोंगे वाजवत लोक पुढे गेले, त्यात एक पोस्टाची व्हॅन होती.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा कन्या पोट धरून हसली. सौ. हसली नाही. म्हणाली, "मग कोणीतरी शेजारी बसायला हवं."

मे महिन्यात एका शनिवारी कन्या मैत्रिणीकडे राहायला गेली आणि आम्ही दोघं निघालो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या गाडीतून आम्ही दोघंच असे लांब गेल्याचं आठवत नाही. पुन्हा ए ५१५. अॅशबोर्न सोडलं की रस्ता पठारावर चढतो आणि मग रोमन लोकांच्या जुन्या वाटेच्या आधाराने लांबच लांब सरळ जातो. दोन्हीकडे चुनखडीच्या दगडांची बिनचुन्याची कुंपणं, हिरवी कुरणं, वारा. बक्स्टनच्या आसपास चुनखडीच्या खाणी आहेत, तिथला एक लॉरीवाला लवकरच आमच्या पुढे आला.

"आता बघ आणि सांग," मी म्हणालो.

"थांब, एक पांढरी येतेय. गेली. आता नाही. म्हणजे आहे, पण खूप लांब आहे, तुला जमेल बहुतेक, बघ बाई तूच, नाही नको, आली."

असं चार वेळा झालं. तिची चूक नव्हती. वाक्य पूर्ण होईतो रस्ताच बदलायचा. मी म्हटलं, बोलू नकोस. एकदा टकटक केलंस तर थांब, दोनदा केलंस तर चल.

तिने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे कंडक्टर?"

"म्हणजे कंडक्टर."

ती नीट सावरून बसली. तीन मैल काही वाजलं नाही. मधे एकदा मला खात्री होती की रस्ता मोकळा आहे. पाय शिवशिवत होता. ती ढिम्म. पुढच्याच उंचवट्यामागून एक घोडे नेणारी गाडी आली. मग सरळ उतार लागला, आणि गणपतीच्या शेजारी तिच्या बोटांची टकटक झाली. दोनदा. मी तिसरा गिअर टाकला, बाहेर पडलो आणि लॉरी मागे गेली. मला त्या वेळी समोरचं काहीच दिसलं नव्हतं. तिने वाजवलं म्हणून मी गेलो.

बक्स्टनवरून स्पॅरोपिटमार्गे विनाट्स पासने खाली उतरलो. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, मधून चिंचोळी वाट, उतार पाचास एक. पसरणीच्या पुढे हा घाट म्हणजे लहान मूल, पण धाक मोठ्यांचा.  बाजूच्या मॅम टॉर डोंगराच्या कुशीतून रुंद, कमी चढाचा चांगला रस्ता होता, ए ६२५. डोंगर मातीखडकाचा, सैल थरांचा. पावसाचं पाणी आत मुरलं की कूस सरकते. कित्येक वर्षं इंजिनिअरांनी तो रस्ता पुन्हा पुन्हा बांधला, आणि १९७९ साली हात टेकून कायमचा बंद केला. कॅसलटनहून वर चालत जाऊन तो बघता येतो, आणि आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने बघावा. रस्त्याच्या पायऱ्या झाल्या आहेत. मधली पांढरी रेघ येते आणि कड्यावरून तुटते, माणूसभर खाली पुन्हा सुरू होते. तुटलेल्या कडेला डांबराचे थरावर थर दिसतात, प्रत्येक थर म्हणजे कुणाची तरी एक दुरुस्ती.

तिथे त्या डांबराच्या कडेवर पाय सोडून बसलो असताना मी सौ. ला स्कायलाइन ड्राइव्हची गोष्ट सांगितली. बारा वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. दोन सीटांची गाडी, त्या दिवशी आम्ही दोघंच होतो.

ती म्हणाली, "मला माहीत आहे. अण्णांनी त्याच रात्री सांगितलं होतं. हसत होते. म्हणाले, आमच्या डेपोत असा नियमाचा ड्रायव्हर एक नाही मिळाला."

मी विचारलं, "खरंच हसत होते?"

"हो."

ते खरंच हसत होते की हा शब्द तिने माझ्यासाठी घातला, हे मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर उत्तर तेच आलं असतं. फ्रिजवरच्या यादीचा विषय तिने तेव्हाही काढला नाही.

परतताना पठारावर धुकं उतरलं. इंग्लंडचा मे महिना, काय बोलायचं! बेडूक-दिवे वर केले. शंभर मीटरच्या आतलंही दिसेना तेव्हा गणपतीच्या पायाशी हात घालून ते नवं बटण पहिल्यांदा दाबलं. मागे तांबडा उजेड पडल्याचं आरशात दिसलं. पुढे कुणीच नव्हतं, ओलांडायचं काही नव्हतं, तरी सौ. ची नजर रस्त्यावरून हलत नव्हती आणि हात डॅशबोर्डवर तयार होता.

टक. एकदाच.

मी घाबरून ब्रेकवर पाय ठेवला. "काय झालं? काय आहे पुढे?"

"चहाची व्हॅन आहे उजवीकडे. तुला दिसत नाहीये."

मी उजवा दिवा दाखवला, तिच्या दुसऱ्या खुणेची वाट बघितली आणि गाडी पलीकडे घेतली.